पाठीवर हात ठेवण्यापूर्वीं

कमरेंत उसण भरली, कीं पायाळू माणूस शोधावयाचा आणि त्याच्याकडून दुखऱ्या जागीं हलकेच लाथ मारवून घ्यावयाची, हा उपाय महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. जें मूल जन्मतांना पायांकडून बाहेर आलें तें पायाळू. त्याच्या पायांत कांहीं विशेष गुण असतो अशी समजूत. शहरांत असा पायाळू वेळेवर सांपडतोच असें नाहीं. मग तेल लावून रगडणारा येतो, हाडवैद्य येतो, केस कापून झाल्यावर मान कडकन् मोडून देणारा न्हावी भेटतो, किंवा रीतसर शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टाची गांठ घेतली जाते. उपचार करणारा कोणीहि असो, अथवा घरांतली सून सासूच्या पाठीला तेल चोळीत असो, प्रश्न सर्वांपुढें एकच उभा राहतो. ज्या पाठीवर हात पडतो तिच्या आंत काय आहे, आणि तो हात आंत कोठवर पोंचतो? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. त्याच्या उत्तरावर दुखणाइताचे पाय, आणि क्वचित् प्रसंगीं त्याचा प्राणहि, अवलंबून असतो.

‘कणा’ हा शब्द एकवचनी असला तरी ती एक वस्तु नव्हे. ती हाडांची उतरंड आहे. तींत ३३ मणके मोजतात. मानेंत ७, छातीच्या मागें १२ आणि कमरेंत ५ असे हे २४ मणके एकमेकांवर हलूं शकतात. त्यांच्या खालचे ५ मणके वयांत येतां येतां एकजीव होऊन पाचरीच्या आकाराचें एक हाड बनतें; त्यास त्रिकास्थि म्हणतात. अगदीं शेवटचे, सामान्यतः ४, चिमुकले मणके मिळून माकडहाड होतें. स्वयंपाकघरांतील उतरंडींत जसें मोठें मडकें तळाशीं व लहान मडकें वर, तसेंच येथेंहि आहे. कारण खालच्या प्रत्येक मणक्यावर वरच्या सर्वांचा भार पडतो.

हा कणा मागून पाहिला असतां सरळ दिसतो, परंतु बाजूनें पाहिला असतां नागमोडी दिसतो. गर्भांत असतांना मुलाच्या पाठीला मागें फुगलेली एकच कमान असते. मूल मान धरूं लागलें म्हणजे मानेचा कणा पुढच्या बाजूस वळतो, आणि उभें राहून चालूं लागलें म्हणजे कमरेचा. कमरेंतील खळगा हा मनुष्य दोन पायांवर उभा राहिल्याची खूण आहे. तो पाहून ‘कणा आंत गेला आहे’ असें कोणी सांगूं लागल्यास त्याला ही साधी गोष्ट ठाऊक नाहीं असें खुशाल समजावें.

आतां एक सुटा मणका डोळ्यांपुढें आणावा. त्याच्या पुढच्या भागीं एक जाड, वाटोळा गट्टा असतो. शरीराचा भार तोच वाहतो. गट्ट्याच्या मागें हाडाचें एक कडें असतें. अशीं कडीं एकाखालीं एक आल्यानें जी नळी तयार होते, तिच्यांतून मज्जारज्जु खालीं उतरतो. कड्यापासून दोन बाजूंना दोन आडवे फांटे निघतात आणि मागच्या बाजूस एक कंटक निघतो. हे फांटे व कंटक म्हणजे स्नायूंनीं धरून ओढण्याच्या मुठीच होत.

पाठीच्या मधोमध बोट फिरविलें असतां जी मण्यांची ओळ हाताला लागते ती या कंटकांच्या टोंकांची. मणक्याचा गट्टा तेथून पुष्कळ आंत असतो. कमरेंत तर टोंकापासून गट्ट्यापर्यंत तीन-चार बोटांचें अंतर सहज भरतें. मध्यें हाडाचें कडें आणि मज्जातंतूंची पिशवी आहे. तेव्हां ‘सरकलेली चकती आंगठ्यानें आंत ढकलली’ असें जो सांगतो, त्याचा आंगठा हाड भेदून व मज्जातंतु ओलांडून पलीकडे गेला असें मानावें लागेल. तसें होत नाहीं, हें रोग्याचें भाग्यच!

बोटाखालीं नेमका कोणता मणका आहे हें ओळखण्याच्या कांहीं खुणा मात्र उपयोगी आहेत. मान पुढें वांकविली असतां तिच्या पायथ्याशीं जें टोंक सर्वांत ठळक दिसतें, तें बहुधा मानेच्या ७ व्या मणक्याचें असतें. हात सैल सोडून उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्याच्या फऱ्याचें खालचें टोंक साधारणपणें छातीच्या ७ व्या मणक्याच्या पातळीवर येतें. कमरेच्या दोन्ही हाडांचे वरचे कांठ जोडणारी रेषा कमरेच्या ४ थ्या मणक्याच्या आसपास जाते. कमरेंतून पाणी काढण्यासाठीं सुई घालतांना डॉक्टरहि हीच खूण पाहतात. परंतु छातीच्या मधल्या भागांतील कंटक कौलांप्रमाणें तिरपे, एकावर एक उतरलेले असतात. त्यामुळें बोटाखालीं ७ व्याचें टोंक लागलें तरी त्याच्या समोर गट्टा असतो तो ८ व्याचा. सरावलेल्या हातांचीहि येथें चूक होते; नवख्यानें तर ‘अमुक मणका’ असें छातीठोकपणें सांगूंच नये.

दोन गट्ट्यांच्या मध्यें कूर्चेची जी गादी असते तिला चकती म्हणतात. अशा चकत्या २३ आहेत. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमध्यें चकती नसते. चकतीच्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यांसारखे १५ ते २५ चिवट थर असतात. एका थरांतील तंतु एका बाजूस तिरपे, तर पुढच्या थरांतील उलट बाजूस, अशी ही वीण असते. मधोमध मऊ गर असतो. तरुणपणीं त्यांत ८० टक्क्यांहून अधिक पाणी असतें. दिवसभराच्या भारानें त्यांतील थोडें पाणी पिळून निघतें आणि रात्रीं आडवें झाल्यावर पुनः शोषलें जातें. म्हणून सकाळीं मोजलेली उंची संध्याकाळच्या उंचीपेक्षां एक-दोन सेंटिमीटरांनीं अधिक भरते. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आंतल्या भागांत रक्तवाहिन्या नसतात. तिचें पोषण शेजारच्या गट्ट्यांतून पाझरून होतें. यामुळें तिची एकदां झीज झाली म्हणजे भरून येण्यास फार वेळ लागतो.

‘चकती सरकली’ हा शब्दप्रयोग घराघरांत रूढ आहे, परंतु तो यथार्थ नाहीं. चकती वरच्या व खालच्या गट्ट्यांस घट्ट चिकटलेली असते. बशीखालचा रुमाल सरकावा तशी ती सरकत नाहीं. घडतें तें असें. बाहेरचे थर हळूहळू चिरतात आणि त्यांतून गर मागच्या बाजूस फुगतो किंवा बाहेर पडतो. चकत्यांच्या मागें मधोमध एक लांब अस्थिबंधाची पट्टी वरून खालपर्यंत गेलेली असते. कमरेंत ती अरुंद होते. म्हणून गर मधून न निघतां पट्टीच्या कडेनें वाट काढतो, आणि दुर्दैव असें, कीं मज्जातंतूचें मूळ तेथूनच बाहेर पडत असतें. या प्रकाराचा उलगडा व्हावयास सन १९३४ उजाडावें लागलें. अमेरिकेंतील बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या दोन शल्यवैद्यांनीं त्या वर्षीं दाखवून दिलें, कीं कण्याच्या नळींत सांपडणाऱ्या ज्या गोळ्यांना पूर्वीं गांठी समजत, त्यांतील पुष्कळसे चकतीचेच बाहेर आलेले तुकडे असतात आणि पायांत उतरणारी कळ त्यांच्यामुळें उठते.

मणक्यांच्या मागच्या बाजूस, प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्यें, डावा व उजवा असे दोन लहान सांधे असतात. कण्यानें कोणत्या दिशेला किती वळावें हें हे सांधे ठरवितात. कमरेंत त्यांची ठेवण अशी असते, कीं पुढें-मागें वांकणें सुलभ व्हावें. पीळ मात्र एका मणक्यावर दुसऱ्याला जेमतेम एक-दोन अंश घेतां येतो. कमरेला जोरानें पिळा देणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

याच सांध्यांतून तो सुप्रसिद्ध ‘कट्’ असा आवाज येतो. आवाज झाला कीं ‘मणका जागेवर बसला’ असें मानण्याची चाल आहे. सन १८९५ मध्यें अमेरिकेंत डॅनियल पामर यानें मणके जागचे हलल्यानें बहुतेक रोग होतात असें मत मांडून कायरोप्रॅक्टिक पंथाची स्थापना केली. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं जर्मनींत राँटजेन यानें क्ष-किरण शोधून काढले. परंतु नेहमींच्या पाठदुखींत मणके तसे हललेले क्ष-किरणांना दिसले नाहींत. मग आवाज कशाचा? सांध्यांत वंगणासारखा द्रव असतो. सांध्याचीं दोन पृष्ठें एकाएकीं दूर ओढलीं गेलीं, कीं त्या द्रवांत वायूची पोकळी उत्पन्न होते. सन २०१५ मध्यें कॅनडांतील आल्बर्टा विद्यापीठांत बोटांच्या सांध्यांचें चुंबकीय चलच्चित्रण केलें, तेव्हां आवाजाच्या क्षणींच ही पोकळी प्रगट झालेली दिसली. आवाजानंतर कांहीं वेळ मोकळें वाटतें हें खरें. परंतु कोणतेंहि हाड त्यायोगें स्वस्थानीं परतलेलें नसतें.

आतां मज्जातंतूंकडे वळावें. मज्जारज्जु साधारण करंगळीएवढा जाड व सुमारें ४५ सेंटिमीटर लांब असतो. तो माकडहाडापर्यंत जातो असा समज आहे, परंतु प्रौढ माणसांत तो कमरेच्या १ ल्या-२ ऱ्या मणक्यापाशींच संपतो. त्याखालीं नळींत असतो तो मज्जातंतूंच्या मुळांचा, घोड्याच्या शेपटीसारखा लोंबणारा झुबका. मणक्यांच्या मधील फटींतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात, आणि प्रत्येक जोडीला आपापला मुलूख नेमून दिलेला असतो.

कमरेचा ४ था व ५ वा मणका यांमधील चकती फुगली तर बहुधा कमरेचा ५ वा मज्जातंतु दाबला जातो. मग पावलाचा वरचा भाग बधिर होतो आणि पायाचा आंगठा वर उचलण्याची शक्ति उणावते. त्याखालची चकती फुगली तर पावलाची बाहेरची कड बधिर होते आणि चवड्यावर उभें राहणें जड जातें. चरकसंहितेंत गृध्रसी या नांवानें जो विकार सांगितला आहे, त्यांत कळ ढुंगणापासून मांडी, गुडघा, पोटरी असा क्रम धरीत पावलापर्यंत उतरते. तो मार्ग याच मज्जातंतूंचा होय. म्हणजे दुखतें एका ठिकाणीं आणि कारण असतें दुसऱ्याच ठिकाणीं. अशा वेळीं पोटरी दुखते म्हणून पोटरीच रगडीत बसणें म्हणजे भिंतीच्या आंत तार तुटली असतां विजेचा दिवा पुसून लख्ख करण्यासारखें आहे. उपचार करणाऱ्यानें आधीं दोन्ही पायांचे आंगठे उचलवून पाहावे, टांचांवर व चवड्यांवर चार पावलें चालवून पाहावें. याला यंत्र लागत नाहीं आणि पैसाहि लागत नाहीं.

हाताची खरी सत्ता चालते ती स्नायूंवर. जहाजाची डोलकाठी जशी चहूंकडून ताणलेल्या दोरांनीं उभी राहते, तसा कणा स्नायूंनीं उभा धरलेला असतो. कण्याच्या दोन्ही अंगांना जे उभे फुगवटे लागतात ते लांब स्नायु. त्यांच्या खालीं एका मणक्यापासून वरच्या दोन-चार मणक्यांपर्यंत जाणारे आखूड स्नायु असतात. मणक्यांच्या पुढच्या बाजूनें मांडीच्या हाडाकडे जाणारा एक बळकट स्नायु आहे. पाठीवरून कितीहि दाबलें तरी तेथवर हात पोंचत नाहीं. ऊब, तेल व बेताचा दाब यांनीं वरचे स्नायु सैल पडतात आणि कळ कांहीं तास, कधीं कांहीं दिवस, कमी होते. दुखणाइताला झोंप लागते, हालचाल करण्याचा धीर येतो, आणि कोणी तरी आपली विचारपूस करीत आहे या भावनेनेंहि वेदना हलकी होते. हा लाभ थोडा समजूं नये. परंतु कित्येकदां स्नायु ताठरतो तो आंतल्या दुखापतीवर पहारा देण्यासाठीं. अशा वेळीं त्याला चेचून काढणें म्हणजे चोराला सोडून राखणदाराला मारणें होय.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. यंत्राच्या चित्रांत चकती फुगलेली स्पष्ट दिसली, मग दुखण्याचें कारण हातीं आलें कीं नाहीं? सन १९९४ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत पाठदुखीची तक्रार नसलेल्या ९८ माणसांच्या कमरेचें चुंबकीय चित्रण केलें होतें. त्यांपैकीं ५२ टक्क्यांत निदान एक तरी चकती फुगलेली आढळली, २७ टक्क्यांत ती याहून अधिक पुढें आलेली होती, आणि सर्व चकत्या निर्दोष अशीं माणसें अवघीं ३६ टक्के निघालीं. तात्पर्य, केसांत जशी चांदी येते तशी चकत्यांतहि वयाची खूण उमटते. तेवढ्यावरून दुखण्याचा निवाडा होत नाहीं. चित्र, रोग्याचें म्हणणें आणि पायांची तपासणी यांचा मेळ बसला तरच कारण सांपडलें असें म्हणतां येतें.

मानेची गोष्ट याहून नाजूक आहे. तिचा पहिला मणका नुसतें कडें आहे. आकाश पेलणाऱ्या ग्रीक पुराणांतील वीरावरून त्याला अ‍ॅटलास असें नांव पडलें. दुसऱ्या मणक्यावर एक खुंटी असते. जात्याच्या खुंट्याभोंवतीं वरची तळी फिरावी तसा पहिला मणका डोक्यासह या खुंटीभोंवतीं फिरतो. मान वळविण्याची जवळजवळ निम्मी क्रिया या एकाच जागीं घडते. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या आडव्या फांट्यांतील छिद्रांतून वर चढतात आणि पहिल्या मणक्याच्या वर वळसा घेऊन कवटींत शिरतात. मानेला एकाएकीं हिसडा दिल्यानें या धमनीचें आंतलें अस्तर फाटूं शकतें; तेथें रक्त गोठतें आणि गुठळी मेंदूंत गेल्यास पक्षाघात होतो. असें क्वचित् घडतें. परंतु कोणाच्या मानेंत घडेल हें हिसडा देणाऱ्याला आधीं कळण्याचा उपाय नाहीं. सांधेवाताच्या कांहीं रोग्यांत तर खुंटीला बांधून ठेवणारा अस्थिबंधच ढिला पडलेला असतो. म्हणून हौसेखातर मान मोडून घेणें कोणीहि टाळावें हेंच श्रेयस्कर.

हात केव्हां ठेवावा यापेक्षां तो केव्हां उचलावा हें जाणणें अधिक महत्त्वाचें. पाठदुखीबरोबर लघवी तुंबली, अथवा लघवी-शौचावरील ताबा गेला, बैठकीची व मांड्यांच्या आंतल्या बाजूची जागा बधिर झाली, किंवा दोन्ही पायांतील बळ जाऊं लागलें, तर तो घोड्याच्या शेपटीसारखा झुबकाच दाबला गेला असण्याचा संभव असतो. तेथें दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. रोग्यास तत्काळ इस्पितळांत नेलें पाहिजे. विलंब झाल्यास गेलेली शक्ति परत येईलच असें नाहीं.

संध्याकाळीं येणारा बारीक ताप, घटत जाणारें वजन आणि विसांव्यानेंहि न थांबणारी रात्रीची कळ हीं लक्षणें असतील तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. इंग्लंडांतील पर्सिव्हल पॉट यानें सन १७७९ मध्यें वर्णिलेला हा रोग हिंदुस्थानांत अद्यापहि पुष्कळ आढळतो. क्षयानें पोखरलेल्या मणक्यावर दाब देणें म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर चढण्यासारखें आहे. औषधांनीं तो बरा होतो, मात्र वेळीं ओळखला पाहिजे. पूर्वीं कर्करोग होऊन गेलेल्या माणसाची नवी पाठदुखी डॉक्टरांनींच आधीं तपासली पाहिजे. तसेंच म्हातारपणीं, विशेषतः स्त्रियांचीं, हाडें विरळ होतात; घागर उचलण्याच्या निमित्तानें किंवा साध्या घसरण्यानेंहि मणक्याचा गट्टा दबून मोडतो. अशा आजीबाईंच्या पाठीवर पायाळूची लाथ पडली, तर जें मोडावयाचें राहिलें असेल तेंहि मोडेल.

मग पायाळूच्या लाथेचा गुण इतक्यांना कसा येतो? याचें उत्तर सोपें आहे. साधी उसण बहुतेक वेळां कांहीं दिवसांत, फार तर कांहीं आठवड्यांत, आपोआप ओसरते. चकतींतून बाहेर आलेला गरहि पुष्कळदां शरीर स्वतःच जिरवून टाकतें. माणूस उपाय शोधतो तो कळ शिगेला पोंचल्यावर, आणि शिगेला पोंचलेली कळ उतरणारच असते. श्रेय मात्र तेलाला, आवाजाला किंवा लाथेला मिळतें. पूर्वीं डॉक्टरहि अशा रोग्याला आठवडाभर अंथरुणांत पडून राहावयास सांगत. सन १९८६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत दोन दिवस पडून राहिलेले रोगी सात दिवस पडून राहिलेल्यांइतकेच सुधारले, आणि कामावर मात्र लवकर परतले. तेव्हांपासून झेपेल तितकें हिंडत-फिरत राहावें हाच सल्ला दृढ होत गेला.

यावरून हातांनीं वेदना शमविणाऱ्यांचा धंदा व्यर्थ ठरतो असें नाहीं. जाणत्या हातानें मिळणारा दिलासा खरा असतो, आणि शरीराला स्वतः बरें होण्यास लागणारा काळ त्यायोगें सुसह्य होतो. परंतु जाणता हात तो, ज्याला आपली पोंच ठाऊक आहे. कंटकांचीं टोंकें आणि वरचे स्नायु एवढाच मुलूख त्याला मोकळा आहे. त्यापुढें मज्जारज्जु, धमन्या व चकत्या यांचें राज्य सुरू होतें. कांहीं प्रश्न विचारून, पायांचे आंगठे उचलवून, आणि शंका येतांच ‘हें काम माझें नव्हे, डॉक्टरांकडे चला’ असें म्हणून जो रोग्याच्या हाताला धरून उठवितो, त्याच्या हाताला खरा गुण आहे असें म्हणावें. मग तो जन्मतांना डोक्याकडून आला असो वा पायांकडून!